आरसी२०१४ मिनी: झेड८० वर चालणारा सिंगल बोर्ड संगणक किटमधून कसा जोडावा

सहा चिप्स, एक क्रिस्टल आणि थोडे रेझिस्टर व कपॅसिटर एवढ्या साहित्यातून एक पूर्ण संगणक उभा राहतो आणि त्याचा एकही भाग आपल्या नजरेआड राहत नाही, हे आरसी२०१४ मिनी या किटचे खरे मोल आहे. ब्रिटनमधील स्पेन्सर ओवेन यांनी २०१४ सालच्या रेट्रो चॅलेंज या उपक्रमासाठी एक झेड८० संगणक बनवला आणि त्यावरून या मालिकेला आरसी२०१४ हे नाव मिळाले. त्यामागचा मूळ आराखडा ग्रँट सर्ल यांच्या सात चिप्सच्या झेड८० संगणकाचा आहे. मालिकेतील इतर किटमध्ये प्रोसेसर, मेमरी आणि सिरीयल पोर्ट (एकेक बिट ओळीने पाठवणारे संवादाचे दार) वेगवेगळ्या कार्डांवर असतात आणि ती कार्डे एका मागच्या बोर्डावर उभी बसतात, तर मिनीमध्ये सगळे एकाच बोर्डावर असते. म्हणूनच पहिल्यांदा असा संगणक जोडणाऱ्याने मिनीपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

या लेखात जोडणीचा क्रम सांगितला आहे, परंतु त्याहून अधिक भर प्रत्येक टप्प्यावर काय तपासावे यावर दिला आहे. सगळे भाग घाईने सोल्डर करून, सर्व चिप्स एकदम बसवून वीज दिली आणि सिरीयल पोर्टने जोडलेल्या आपल्या नेहमीच्या संगणकाच्या पडद्यावर काहीच उमटले नाही, तर दोष कोठे शोधावा हे नवख्या माणसाला उमगत नाही. याउलट आधी वीज, मग घड्याळ (प्रोसेसरला ताल देणारी स्पंदने), मग प्रोसेसर आणि शेवटी मेमरी व सिरीयल पोर्ट अशा क्रमाने एकेक गोष्ट सिद्ध करत गेलो, तर दोष कधीही एका टप्प्यापलीकडे लपू शकत नाही. बोर्डाच्या आवृत्तीनुसार भागांच्या जागा, जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) आणि रॉममधील, म्हणजे कायम मेमरीतील, प्रणाली यांत फरक असतो. त्यामुळे कोणता भाग कोठे बसवायचा हे किटसोबतच्या सूचनांवरून आणि बोर्डावर छापलेल्या खुणांवरून ठरवावे. खालील वर्णन बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा असलेल्या मूळ रचनेला धरून आहे.

जोडण्यापूर्वी रचना समजून घ्या

झायलॉग कंपनीचा झेड८० प्रोसेसर १९७६ साली बाजारात आला. इंटेल सोडून बाहेर पडलेल्या फेडेरिको फाजिन यांनी तो मासातोशी शिमा यांच्यासह घडवला. इंटेल ८०८० साठी लिहिलेले बहुतेक प्रोग्रॅम त्यावर न बदलता चालत असत. टीआरएस-८० आणि सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम हे संगणक याच प्रोसेसरवर चालत. स्पेक्ट्रम प्लस भारतातही डीबी स्पेक्ट्रम या नावाने विकला गेला. महाराष्ट्रातील डिप्लोमा आणि इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळांत ज्यांनी इंटेलच्या ८०८५ प्रोसेसरच्या किटवर हेक्स (सोळाच्या पायाचे) आकडे दाबून प्रोग्रॅम भरले आहेत, त्यांना झेड८० अगदी ओळखीचा वाटेल, कारण दोघांचे मूळ ८०८० मध्येच आहे.

मिनीवर प्रोसेसरखेरीज पाच चिप्स असतात. २७सी५१२ ही ६४ किलोबाइटची रॉम असून तिच्यात बेसिक भाषा आधीच भरलेली येते. ६२२५६ ही ३२ किलोबाइटची स्टॅटिक रॅम आहे. ६८बी५० ही सिरीयल पोर्टची चिप असून बाहेरच्या जगाशी होणारा सगळा संवाद तिच्यामार्फत चालतो. उरलेल्या दोन, म्हणजे ७४एचसीटी०४ आणि ७४एचसीटी३२, या साध्या लॉजिक चिप्स आहेत. पहिलीत सहा नॉट गेट आणि दुसरीत चार ऑर गेट असतात. कोणता पत्ता रॉमकडे जाईल, कोणता रॅमकडे आणि कोणता सिरीयल चिपकडे, याचा निवाडा या दोघी मिळून करतात, शिवाय ७४एचसीटी०४ चे गेट क्रिस्टलला धरून घड्याळाची स्पंदनेही निर्माण करतात.

पत्त्यांची वाटणी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ० ते ८१९१ हे पत्ते रॉमचे आणि ३२७६८ ते ६५५३५ हे रॅमचे आहेत. रॉम ६४ किलोबाइटची असली तरी एका वेळी तिचा ८ किलोबाइटचा एकच तुकडा दिसतो, आणि आठ तुकड्यांपैकी कोणता दिसावा हे ए१३, ए१४ व ए१५ अशा खुणा असलेल्या तीन जंपरवरून ठरते. सिरीयल चिपचा नियंत्रण पोर्ट हेक्समध्ये ८० आणि माहितीचा पोर्ट ८१ आहे.

क्रिस्टल ७.३७२८ मेगाहर्ट्झचा का, असा प्रश्न अनेकांना पडतो. ६८बी५० ही चिप आपल्याकडे आलेल्या घड्याळाला ६४ ने भागून सिरीयल वेग ठरवते, आणि ७३,७२,८०० ला ६४ ने भागले की बरोबर १,१५,२०० येतात. म्हणजे प्रोसेसरचे घड्याळ आणि सिरीयल पोर्टचा प्रमाणित वेग हे दोन्ही एकाच क्रिस्टलवर भागतात. याच कारणामुळे क्रिस्टल हरवला तर दुकानात सहज मिळणारा ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल तेथे लावू नये. संगणक चालेल, पण सिरीयल वेग १,२५,००० होईल आणि पडद्यावर निरर्थक अक्षरे येतील.

साहित्य आणि हत्यारे

किट परदेशातून मागवल्यास टपालखर्चाबरोबर सीमाशुल्कही भरावे लागू शकते, हे आधीच हिशेबात धरावे. त्यापेक्षा केवळ रिकामा छापील बोर्ड (पीसीबी) मागवून भाग येथे जमवण्याचा मोह होतो. रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी सॉकेट, पिन हेडर आणि यूएसबी-टीटीएल मॉड्यूल (संगणकाचा यूएसबी पोर्ट या बोर्डाच्या सिरीयल पोर्टशी जोडणारे) मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात आरामात मिळतात. अडचण येते ती झेड८० आणि ६८बी५० यांची. झायलॉगने झेड८० चे जुने स्वतंत्र प्रोसेसर बंद करत असल्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. त्यामुळे बाजारात आता शिल्लक साठा, जुन्या बोर्डांवरून काढलेल्या चिप्स आणि वरचे छापील नाव घासून नवे छापलेल्या चिप्स यांची सरमिसळ आढळते. पहिल्या जोडणीत चिप खरी की खोटी ही शंका डोक्यावर नसावी, म्हणून पूर्ण किट घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. भाग स्वतःच घेणार असाल तर झेड८० सीमॉस प्रकारचा आणि किमान ८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे झेड८४सी०००८ किंवा त्याहून वेगवान घ्यावा.

लॉजिक चिपच्या नावातील एचसीटी ही अक्षरे डावलू नयेत. ७४एचसी मालिकेला ५ व्होल्टवर साधारण साडेतीन व्होल्टच्या वरचा संकेतच उच्च म्हणून ओळखता येतो, तर एचसीटीला २ व्होल्ट पुरतात. जुन्या पद्धतीच्या चिप्स उच्च संकेत पूर्ण ५ व्होल्टपर्यंत नेतीलच असे नाही, आणि अशा ठिकाणी एचसी चिप लावली तर दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. असा लपंडाव खेळणारा दोष शोधणे सर्वांत कठीण असते.

हत्यारांत २५ वॅटचे बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न चालते, पण तापमान ठरवता येणारे स्टेशन असेल तर ते ३२० ते ३५० अंश सेल्सिअसवर ठेवावे. सोल्डरची तार आत फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारे द्रव्य) असलेली, ६०/४० किंवा ६३/३७ प्रमाणाची आणि साधारण ०.८ मिलिमीटर जाडीची घ्यावी; जाड तारेने शेजारच्या पिना जोडल्या जातात. त्याखेरीज कटर, सोल्डर शोषून घेणारा पंप किंवा तांब्याची जाळीदार वात, भिंग, आणि कंटिन्युइटीची, म्हणजे दोन टोके जोडलेली असल्याची, बीप देणारा मल्टिमीटर हवा. मल्टिमीटरशिवाय हे काम हाती घेऊ नये. शिसे असलेले सोल्डर वापरताना खोलीत हवा खेळती ठेवावी आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

सोल्डरिंग

पिशवी उघडल्यावर प्रथम यादीप्रमाणे भाग मोजून वेगळे ठेवावेत. रेझिस्टरचे रंगपट्टे निळ्या पार्श्वभूमीवर फसवे दिसतात, विशेषतः तपकिरी, लाल आणि नारिंगी. म्हणून प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरने मोजूनच बोर्डात घालावा. छोट्या सिरॅमिक कपॅसिटरवर १०४ असे लिहिलेले असेल तर तो १०० नॅनोफॅरडचा असतो. हे कपॅसिटर प्रत्येक चिपच्या शेजारी बसतात आणि चिपने क्षणभर जास्त प्रवाह ओढला तरी तिचा वीजपुरवठा डळमळू देत नाहीत.

बोर्डावर आधी सर्वांत बुटके भाग आणि मग चढत्या उंचीने बाकीचे लावावेत. बोर्ड उलटा ठेवल्यावर बुटका भाग टेबलाला टेकून जागेवर राहतो, हे त्याचे कारण आहे. रेझिस्टर व डायोड, त्यानंतर आयसी सॉकेट, मग सिरॅमिक कपॅसिटर, क्रिस्टल, बटण, पिन हेडर आणि शेवटी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असला तर तो, असा क्रम ठेवावा. रेझिस्टर आणि सिरॅमिक कपॅसिटर यांना दिशा नसते. डायोडवरील पट्टी, एलईडीचा आखूड पाय आणि इलेक्ट्रोलिटिकवरील ऋण चिन्ह मात्र बोर्डावरील खुणेशी जुळलेच पाहिजे.

सॉकेट लावताना त्याची खाच बोर्डावर छापलेल्या खाचेच्या दिशेला ठेवावी. सॉकेट उलटे लागले तरी विजेच्या दृष्टीने काही बिघडत नाही, पण पुढे चिप बसवताना तीच खाच पाहून आपण चिप उलटी बसवतो आणि ती जळते. आधी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतील पिनाच सोल्डर कराव्यात. मग बोर्ड सरळ करून सॉकेट सपाट टेकले आहे का ते पाहावे. टेकले नसेल तर एका कोपऱ्याचे सोल्डर वितळवून बोटाने हलके दाबावे. चाळीस पिना सोल्डर केल्यावर तिरके सॉकेट सरळ करणे जवळपास अशक्य असते.

जोड चांगला होण्यासाठी आयर्नचे टोक एकाच वेळी पिनेला आणि तांब्याच्या कडीला टेकवावे, सुमारे एका सेकंदानंतर तार टोकाला नव्हे तर जोडाला लावावी, आणि सोल्डर कडीभर पसरताच आधी तार आणि मग आयर्न काढावे. चांगल्या जोडाचा उतार पिनेच्या दिशेने चढत जातो आणि त्याची कडा बोर्डात विरून गेल्यासारखी दिसते. सोल्डरचा गोल मणी पिनेवर नुसता बसलेला दिसला तर तो ड्राय सोल्डर समजावा व थोडा फ्लक्स लावून पुन्हा तापवावा. जमिनीच्या मोठ्या तांब्याला जोडलेल्या पिना उष्णता ओढून घेतात. तेथे आयर्न थोडे अधिक वेळ टेकवावे लागते, आणि सर्वाधिक ड्राय सोल्डर अशाच पिनांवर सापडतात.

सर्व सोल्डरिंग झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने खालची बाजू स्वच्छ करावी आणि भिंगाखाली एकेक ओळ पाहावी. फ्लक्स निघून गेल्यावर दोन पिनांमधील केसाएवढा पूलही दिसतो.

चिप्सविना पहिली तपासणी

अजून एकही चिप बसवायची नाही. वीज देण्यापूर्वी ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये मल्टिमीटरची कंटिन्युइटी पाहावी. क्षणभर बीप येऊन थांबली तर कपॅसिटर भारित होत आहे असे समजावे, पण बीप चालूच राहिली तर कोठेतरी शॉर्ट आहे आणि तो सापडेपर्यंत वीज देऊ नये. त्यानंतर सॉकेटच्या लगतच्या पिनांच्या जोड्याही तपासाव्यात. काही लगतच्या पिना आराखड्यातच जोडलेल्या असतात, म्हणून बीप आल्यावर आकृती पाहूनच तिला दोष ठरवावे.

वीज यूएसबी-टीटीएल केबलमधून देता येते. चिप्स बसवल्यावरही हा बोर्ड यूएसबी पोर्टच्या ५०० मिलिअँपिअरच्या मर्यादेत आरामात राहतो. मॉड्यूलवर ३.३ आणि ५ व्होल्ट निवडण्याचा जंपर असेल तर तो ५ व्होल्टवर ठेवावा. केबल आणि वेगळा पुरवठा अशी दोन ठिकाणांहून एकदम वीज देऊ नये.

आता प्रत्येक सॉकेटमध्ये ग्राउंड आणि धन टोक मोजावे. झेड८० च्या सॉकेटमध्ये पिन ११ वर ५ व्होल्ट आणि पिन २९ वर ग्राउंड असते. रॉम आणि रॅम या दोघींत पिन २८ व पिन १४, तर ७४एचसीटी चिप्समध्ये पिन १४ व पिन ७ हीच जोडी असते. ६८बी५० मात्र वेगळी आहे. तिच्यात ग्राउंड पिन १ वर आणि ५ व्होल्ट पिन १२ वर येतात, त्यामुळे इतर चिप्सच्या सवयीने कोपऱ्यांवर मोजणाऱ्याला वीज नाही असे वाटते. सर्व ठिकाणी ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान आकडा यायला हवा.

घड्याळ आणि मग प्रोसेसर

वीज बंद करून फक्त ७४एचसीटी०४ बसवावी. नव्या चिपचे पाय थोडे बाहेर फाकलेले असतात. चिप आडवी धरून पायांची एक ओळ सपाट टेबलावर टेकवावी आणि हलक्या दाबाने ओळ आत वळवावी, मग दुसरी. एकेक पाय बोटाने वाकवू नये. देशावरच्या कोरड्या हिवाळ्यात सिंथेटिक कपड्यांवर स्थिर वीज सहज साठते, म्हणून चिप हाताळण्यापूर्वी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावावा.

वीज पुन्हा सुरू करून झेड८० च्या रिकाम्या सॉकेटमधील पिन ६ वर मोजमाप घ्यावे. मल्टिमीटरला वारंवारता मोजण्याची सोय असेल आणि तो मेगाहर्ट्झपर्यंत जात असेल तर ७.३७ हा आकडा दिसेल. तशी सोय नसेल तर डीसी व्होल्ट मोजावेत. घड्याळ चालू असेल तर सरासरीने अडीच व्होल्टच्या आसपास आकडा येतो, आणि बंद असेल तर तो शून्य किंवा पाचजवळ चिकटून राहतो. घड्याळ नसेल तर क्रिस्टलचे दोन जोड आणि त्याच्या शेजारचे छोटे कपॅसिटर पुन्हा पाहावेत.

यापुढची चाचणी बहुतेक जण गाळतात, पण मला ती संपूर्ण जोडणीतील सर्वांत शिकवणारी पायरी वाटते. झेड८० च्या भाषेत ०० या आज्ञेचा अर्थ काहीही न करता पुढच्या पत्त्यावर जाणे असा आहे. डेटाच्या आठही तारा शून्यावर बांधल्या तर प्रोसेसरला प्रत्येक पत्त्यावर हीच आज्ञा मिळते आणि तो ० पासून ६५५३५ पर्यंत मोजत जाऊन पुन्हा शून्यावर येतो. त्यासाठी रॉमचे रिकामे सॉकेट फार सोयीचे आहे. डेटाच्या तारा तेथे पिन ११, १२, १३ आणि १५ ते १९ वर आहेत आणि ग्राउंड त्यांच्या मधोमध, पिन १४ वर आहे. एक किलोओहमचे आठ रेझिस्टर घेऊन प्रत्येकाचे एक टोक डेटाच्या एकेका पिनेत घालावे आणि सर्वांची दुसरी टोके एकत्र पिळून पिन १४ ला जोडावीत. थेट तार न वापरता रेझिस्टर वापरल्याने, प्रोसेसरने कधी डेटाच्या तारांवर काही लिहिलेच तर त्याला इजा होत नाही.

रॉम, रॅम आणि ६८बी५० न बसवता फक्त झेड८० आणि दोन्ही लॉजिक चिप्स बसवून वीज द्यावी व रिसेटचे बटण एकदा दाबावे. एका आज्ञेला घड्याळाची ४ स्पंदने लागतात, म्हणजे सेकंदाला १८,४३,२०० आज्ञा होतात, आणि ६५,५३६ पत्त्यांची एक फेरी सेकंदात सुमारे २८ वेळा पूर्ण होते. सर्वांत वरची पत्त्याची तार, म्हणजे झेड८० ची पिन ५, याच गतीने खालीवर होते. तेथून एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडकडे एलईडी लावला तर तो मंद प्रकाशात थरथरताना दिसतो. मंद असण्यालाही कारण आहे. प्रत्येक आज्ञेच्या उत्तरार्धात झेड८० डायनॅमिक रॅमच्या रिफ्रेशसाठी वेगळा पत्ता बाहेर ठेवतो आणि त्या वेळी ही तार खाली असते. मल्टिमीटरवर त्यामुळे अडीच नव्हे, तर सव्वा व्होल्टच्या आसपास सरासरी मिळते. रिसेट दाबून धरताच थरथर थांबली आणि सोडताच सुरू झाली, की वीज, घड्याळ, रिसेट आणि प्रोसेसर या चारही गोष्टी निर्दोष ठरतात.

एलईडी स्थिर राहिला तर झेड८० ची पिन २४, २५ आणि २६ मोजावी. वेट, बस रिक्वेस्ट आणि रिसेट या तिन्ही तारा ५ व्होल्टजवळ असायला हव्यात. यांपैकी एखादी खाली अडकली असेल तर तिचा वर खेचणारा रेझिस्टर किंवा त्याचा जोड तपासावा. पिन १८ म्हणजे हॉल्ट. ती खाली गेली असेल तर प्रोसेसरला ०० ऐवजी दुसरे काहीतरी वाचायला मिळाले आहे, म्हणजे डेटाची एखादी तार सुटलेली आहे.

उरलेल्या चिप्स आणि पहिला संवाद

रेझिस्टरचा झुबका काढून, वीज बंद असताना रॉम, रॅम आणि ६८बी५० बसवावी. रॉमचे जंपर किटसोबतच्या तक्त्याप्रमाणे बेसिक असलेल्या तुकड्यावर ठेवावेत. काचेची खिडकी असलेली रॉम आली असेल तर त्या खिडकीवरचे लेबल काढू नये.

यूएसबी-टीटीएल जोडण्याआधी ते स्वतंत्रपणे तपासावे. त्याची पाठवण्याची आणि घेण्याची पिन एका तारेने जोडून टर्मिनलमध्ये (सिरीयल पोर्टवरची अक्षरे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) काही टाइप केले, तर तेच अक्षर परत दिसले पाहिजे. विंडोजवर टेरा टर्म किंवा पुट्टी आणि लिनक्सवर मिनिकॉम हे प्रोग्रॅम यासाठी चांगले आहेत. वेग १,१५,२००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट आणि आरटीएस/सीटीएस हा हार्डवेअर फ्लो कंट्रोल (घेणाऱ्याला वेळ हवा असल्यास पाठवणाऱ्याला थांबवणारे संकेत), अशी मांडणी ठेवावी. एफटीडीआय या कंपनीच्या मूळ केबलमध्ये काळी तार ग्राउंडची आणि हिरवी तार आरटीएसची असते. स्वस्त मॉड्यूलमध्ये मात्र सहाव्या पिनेवर अनेकदा आरटीएसऐवजी डीटीआर असते. त्याने संगणक सुरू होण्यात अडथळा येत नाही, पण फ्लो कंट्रोल नीट चालेलच असे नाही. अशा वेळी टर्मिनलमधील हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद ठेवावा.

केबल जोडून रिसेट दाबल्यावर ग्रँट सर्ल यांच्या नावाची ओळ येते आणि मेमरीची वरची मर्यादा विचारली जाते. तेथे नुसते एंटर दाबावे. मायक्रोसॉफ्टच्या १९७८ सालच्या बेसिकची ओळ उमटते, मोकळ्या मेमरीचा आकडा येतो आणि त्याखाली ओके दिसते. नंतर कधीही रिसेट दाबले तर कोल्ड की वॉर्म असा प्रश्न येतो. वॉर्म निवडल्यास लिहिलेला प्रोग्रॅम शाबूत राहतो, कोल्ड निवडल्यास तो पुसला जातो.

पहिली आज्ञा म्हणून दोन आकड्यांची बेरीज सगळेच करतात. त्यापुढे जाऊन पीकची आज्ञा वापरून पत्ता ० मधील आकडा छापून पाहावा. मूळ रॉममध्ये तेथे २४३ सापडतो आणि पत्ता १ वर १९५. हेक्समध्ये हे एफ३ आणि सी३ आहेत. पहिली आज्ञा इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) बंद करते आणि दुसरी सुरुवातीच्या प्रोग्रॅमकडे उडी मारते. रिसेटनंतर प्रोसेसरने सर्वप्रथम वाचलेले बाइट आपण येथे प्रत्यक्ष पाहत असतो. रॅमसाठी पोकने ८५ लिहून पीकने वाचावा, मग १७० लिहून वाचावा. हे दोन आकडे मिळून प्रत्येक बिट एकदा शून्य आणि एकदा एक होतो. मात्र या बेसिकला ३२७६७ च्या वरचा पत्ता ऋण करून द्यावा लागतो. हवा असलेला पत्ता वजा ६५५३६ असा हिशेब करावा. म्हणजे ६१४४० साठी उणे ४०९६ लिहावे.

काही उमटले नाही तर

पडदा कोरा राहिल्यास आधी पाठवण्याच्या आणि घेण्याच्या तारा एकमेकींच्या जागी गेल्या आहेत का ते पाहावे. त्यानंतर प्रत्येक चिपची खाच आणि सॉकेटमध्ये न शिरता चिपच्या पोटाखाली दुमडलेला पाय शोधावा. वरून पाहिल्यास असा पाय अगदी नीट बसल्यासारखा दिसतो. तो बाजूने उजेड टाकूनच पाहावा. निरर्थक अक्षरे येत असतील तर टर्मिनलचा वेग किंवा क्रिस्टल चुकला आहे. ओळ उमटते पण टाइप केलेले पोहोचत नाही, असे असेल तर ६८बी५० ची पिन २ म्हणजे डेटा घेण्याची पिन आणि पिन ७ वरून झेड८० च्या पिन १६ कडे जाणारी इंटरप्टची तार तपासावी, कारण या रॉममध्ये आलेले प्रत्येक अक्षर इंटरप्टमार्फत वाचले जाते. लांब प्रोग्रॅम चिकटवताना मधली अक्षरे गळत असतील तर फ्लो कंट्रोल काम करत नाही. तेव्हा टर्मिनलमध्ये प्रत्येक अक्षरानंतर काही मिलिसेकंद आणि प्रत्येक ओळीनंतर त्याहून जास्त विलंब ठेवावा.

यांपैकी कशानेही उलगडा झाला नाही तर दोष रॅमचा की सिरीयल पोर्टचा हे वेगळे करावे लागते. बेसिकला रॅम लागतेच, म्हणून रॅमला न शिवणारा छोटा प्रोग्रॅम येथे उपयोगी पडतो. विजेने पुसता येणारी विनबाँडची डब्ल्यू२७सी५१२ ही चिप मूळ रॉमच्या जागी जशीच्या तशी बसते आणि टीएल८६६ सारख्या यूएसबी प्रोग्रॅमरने लिहिता येते. तिच्या अगदी सुरुवातीला हे वीस बाइट लिहावेत आणि तिन्ही जंपर शून्यावर ठेवावेत:

३ई ०३ डी३ ८० ३ई १६ डी३ ८० डीबी ८० ई६ ०२ २८ एफए ३ई ४१ डी३ ८१ १८ एफ४

पहिले चार बाइट सिरीयल चिप रिसेट करतात. पुढचे चार तिला ६४ ने भागण्याची, आठ बिटांची आणि एका स्टॉप बिटाची मांडणी देतात. त्यानंतरचे सहा बाइट चिप मोकळी होईपर्यंत वाट पाहतात आणि शेवटचे सहा कॅपिटल ए हे अक्षर पाठवून पुन्हा वाट पाहण्याकडे वळतात. यात स्टॅक नाही, इंटरप्ट नाही आणि मेमरीत एकदाही लिहिणे नाही, त्यामुळे रॅमची चिप काढून ठेवली तरी तो चालतो. पडदा ए अक्षरांनी भरला तर रॉम, पत्त्यांचा निवाडा आणि सिरीयल पोर्ट ठीक आहेत आणि रॅम किंवा तिच्याकडे जाणाऱ्या तारा तपासायच्या आहेत. पडदा कोराच राहिला तर ६८बी५० आणि ७४एचसीटी३२ यांच्या भोवतालचे जोड भिंगाखाली घ्यावेत, आणि रॉमच्या पिन २० वर चिप निवडण्याचा संकेत हलतो आहे की एका जागी थांबला आहे हे मोजावे.